काटेकोरांच्या मूळपेशी

फोन आला तेव्हा काटेकोर एका किराणा दुकानात काउंटरमागे उकिडवे बसून तराजूच्या पोटाखाली डोकावत होते. वजने-मापे खात्यात निरीक्षक असल्यामुळे त्यांच्या आयुष्याची बावीस वर्षं साधारण याच आसनात गेली होती. दुकानदार शेजारी उभा राहून नम्रपणे घाम पुसत होता. तपासणी चालू असताना फोन घ्यायचा नाही असा त्यांचा नियम, पण पलीकडच्या मुलीने तिसऱ्यांदा फोन लावल्यावर त्यांनी तो कानाला लावला आणि थोडक्यात बोला म्हणून सांगितलं.

मुलीने थोडक्यात सांगितलं. तीन वर्षांपूर्वी त्यांनी एका नोंदणीत गालाच्या आतला नमुना दिला होता. आता एका रुग्णाच्या शरीरात रक्त तयार करणाऱ्या मूळपेशी पार बिघडल्या आहेत, दुसऱ्या कुणाच्या तरी हव्या आहेत, आणि हजारो नोंदी चाळून एकट्या काटेकोरांचा नमुना जुळला आहे. तर द्याल का?

काटेकोरांना आठवलं. कार्यालयात शिबिर झालं होतं खरं. बाकीच्यांनी गालात कापसाची काडी फिरवून घेण्यापेक्षा जेवणाची सुट्टी लांबवणं पसंत केलं होतं. फॉर्म शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारे हे एकटेच, आणि शेवटच्या ओळीनंतर सहीची जागा होती. सहीची जागा रिकामी दिसली की त्यांना चैन पडत नसे, म्हणून त्यांनी सही केली होती.

काटेकोर हे त्यांचं खरं नाव नव्हे हे वेगळं सांगायला नकोच. इमारतीतल्या लोकांनी ते ठेवलं होतं आणि त्यांना ते मनातून आवडत असे. हजारोंतून निवड झाली हे ऐकून मात्र ते क्षणभर काटा विसरले. बढतीच्या वेळी तिघांतूनसुद्धा त्यांची निवड झाली नव्हती. ते देतो म्हणाले, फोन खिशात टाकला आणि दुकानदाराकडे इतक्या मायेने पाहिलं की तो बिचारा आणखीच घाबरला.

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि दुखेल का, एवढंच विचारलं. सासरे, जे गुडघ्यांमुळे दोन महिन्यांसाठी म्हणून आले होते आणि आता चौथं वर्ष चालू होतं, त्यांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. एका सुईत गुडघे विशीतल्यासारखे करून देणाऱ्या कुठल्याशा दवाखान्याची जाहिरात त्यांनी कापून ठेवली होती. तिच्यातही मूळपेशी हाच शब्द होता. बाहेरच्या माणसाला बाटलीभर देणार असाल तर घरातल्याला दोन चमचे द्यायला काय हरकत आहे, असा त्यांचा सरळ प्रश्न होता.

या प्रश्नाचा निकाल लावायला समोरच्या घरातल्या बाईंना बोलावण्यात आलं. त्या तीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्या होत्या आणि शिकवायला कुणी सापडत नाही म्हणून थोड्या खचल्या होत्या. काटेकोरांना समजेल अशा भाषेत सांगायचं त्यांनी ठरवलं.

"समजा, सरकारात नवा माणूस भरती झालाय," बाई म्हणाल्या. "पहिला दिवस. अजून खातं दिलेलं नाही, टेबल नाही. त्याला कुठेही बसवता येईल. गर्भाच्या अगदी सुरुवातीच्या मूळपेशी अशा असतात, त्यांच्यापासून शरीरातलं काहीही तयार होऊ शकतं. तुमच्या-आमच्या अंगात आहेत त्या म्हणजे खातं ठरलेली माणसं. हाडांच्या मगजात बसलेल्या मूळपेशी रक्ताच्या खात्यातल्या. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्तबिंबिका, त्या खात्यातलं हवं ते टेबल त्या सांभाळतील. पण त्यांची मेंदूत बदली करता येत नाही."

तिसराही प्रकार असतो, असं बाईंनी पुढे सांगितलं. कातडीतली जुनी, मुरलेली पेशी घेऊन प्रयोगशाळेत तिच्यावर असे काही संस्कार करतात की ती पुन्हा पहिल्या दिवसाच्या भरतीसारखी होते आणि तिला हवं ते खातं देता येतं. काटेकोरांनी गंभीरपणे विचारलं की मग तिची सेवाज्येष्ठता राहते का. बाई म्हणाल्या, सगळी जाते. काटेकोरांना त्या पेशीबद्दल वाईट वाटलं.

गुडघ्याच्या बाबतीत मात्र बाईंनी दयामाया दाखवली नाही. रक्ताच्या आजारांत हा उपचार कित्येक वर्षांपासून पक्का झालेला आहे, भाजलेल्या कातडीसाठी आणि डोळ्याच्या बुबुळासाठीही मूळपेशी वापरतात, पण गुडघ्यांचं अजून तपासणं चालू आहे, असं त्यांनी सांगितलं. पुरावा यायच्या आधीच जाहिरात निघाली असेल तर ती कापून ठेवू नये, फेकावी. सासऱ्यांनी जाहिरातीची घडी घालून खिशात ठेवली आणि त्या दिवसापासून बाईंशी बोलणं सोडलं.

बातमी इमारतभर व्हायला जिन्याएवढाच वेळ लागला. तळमजल्यावरचे विमावाले, ज्यांना कुठल्याही शुभवार्तेतला धोका पहिल्यांदा दिसतो, ते त्याच संध्याकाळी वर आले. पाठीच्या कण्यात बोटाएवढी सुई घालतात आणि मगज खरवडून काढतात, त्यानंतर माणसाला पाण्याची बादलीही उचलता येत नाही, असं त्यांनी डोळ्यांनी पाहिल्यासारखं सांगितलं. असले उपचार साध्यासुध्या माणसाचे नसतात, घेणारी कुणी तरी बडी असामी असणार, तेव्हा ओळख काढून ठेवा, असाही त्यांचा सल्ला होता. ओळख काढता येत नव्हती. घेणाऱ्याचं नाव, गाव, वय काहीही सांगत नाहीत असा नियम होता. पण काटेकोरांच्या डोळ्यांपुढे हळूहळू एक साठीचे, भारदस्त, सोनेरी काड्यांचा चष्मा लावणारे गृहस्थ उभे राहू लागले. हे गृहस्थ बरे झाल्यावर खिडकीशी उभे राहून न पाहिलेल्या दात्याचा विचार करतील, इथपर्यंत त्यांची मजल गेली.

डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत बोटाएवढ्या सुईचा फुगा फोडला. हाडाला हातही लावायचा नव्हता. पाच दिवस रोज एक इंजेक्शन, त्याने मगजातल्या मूळपेशी वाढून रक्तात उतरतात. पाचव्या दिवशी एका हातातून रक्त घ्यायचं, मशीनने त्यातल्या तेवढ्या पेशी गाळून ठेवायच्या आणि बाकीचं रक्त दुसऱ्या हातातून परत सोडायचं. काटेकोरांना हे ऐकून हायसं वाटलं आणि थोडा विरसही झाला, कारण इमारतीत आता बोटाएवढी सुई सगळ्यांनी मान्य केली होती.

मग डॉक्टरांनी खुर्ची पुढे ओढली. पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, रुग्णाची जबर औषधं सुरू होणार होती. ती त्याचा बिघडलेला मगज जाळून टाकणार, म्हणजे नव्याला जागा होते. एकदा ती सुरू झाली की मागे फिरता येत नाही. त्याच्या शरीरात रक्त बनवणारं स्वतःचं असं काही उरत नाही. तेव्हा नाही म्हणायचं असेल तर आधीच्या शनिवारपर्यंत म्हणा, त्यात कमीपणा नाही, असं ते म्हणाले. काटेकोरांनी, आपण शब्द तोलूनच देतो, असं उत्तर दिलं. ते वाक्य त्यांना इतकं आवडलं की घरी जाताना त्यांनी ते मनात दोनदा म्हणून पाहिलं.

इकडे इमारतीने त्यांच्या अंगात काही तरी असलं पाहिजे असं मनावर घेतलं. देणारा माणूस भरलेला हवा, असा एकूण सूर होता. दुसऱ्या मजल्यावरून उकडलेली अंडी आली, चौथ्यावरून बदाम, विमावाल्यांकडून केळ्यांचा फणा. बाई विज्ञानाच्या असूनही रोज संध्याकाळी खजूर आणि दूध पाठवत. नको म्हणावं तर लोक, रुग्णाच्या वतीने, दुखावले जात. पंधरा दिवस काटेकोर त्या अज्ञात गृहस्थांसाठी खात राहिले.

घोडं अडलं ते रजेपाशी. वार्षिक तपासणीच्या मोहिमेमुळे हक्काची रजा बंद होती, किरकोळ रजा संपली होती. उरली आजारपणाची. तिला डॉक्टरांचा दाखला लागतो, आणि डॉक्टरांनी दिलेल्या दाखल्यात सदर इसम पूर्णपणे निरोगी आहे असं सहीशिक्क्यानिशी लिहिलं होतं. कार्यालयातल्या हेडक्लार्कनी तो कागद उलटसुलट करून पाहिला.

"यात आजार कुठे आहे?"

"आजार दुसऱ्याला आहे," काटेकोर म्हणाले.

"मग रजा दुसऱ्याने घ्यावी."

फाइल तीन टेबलांवरून फिरून आली तेव्हा तिच्यावर शेरा होता की अर्जदाराने निरोगी असण्याचं कारण नमूद करावं. काटेकोरांनी आयुष्यात असे शेरे बरेच मारले होते, पण वाचायची वेळ पहिल्यांदाच आली. शेवटी हेडक्लार्कना दया आली आणि त्यांनी कारणाच्या रकान्यात 'संभाव्य अशक्तपणा' असं घालून सोमवारपासून सहा दिवस मंजूर करून आणले.

सोमवारी सकाळी साडेदहाला काटेकोर रुग्णालयाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या दात्यांच्या विभागात हजर झाले. सिस्टरने हसून स्वागत केलं आणि काट्यावर उभं राहायला सांगितलं. काटेकोर उभे राहिले. काट्याने एकाहत्तर किलो चारशे दाखवले.

महिन्याच्या पहिल्या तारखेला ते कार्यालयातल्या प्रमाणित काट्यावर स्वतःला तोलत. अडुसष्ट किलो दोनशे. नऊ वर्षांत त्यात शंभर ग्रॅमचा फरक पडला नव्हता. ते काट्यावरून उतरले, चष्मा सारखा केला आणि काट्याच्या बाजूची पट्टी पाहिली. तपासणीच्या शिक्क्याची मुदत चार महिन्यांपूर्वी संपली होती. पुढे जे झालं ते डोक्याने काही ठरवायच्या आत हातांनी केलं. रजेवर असूनही पिशवीत तार, शिशाची गोळी आणि पक्कड होती. सिस्टर फॉर्म भरून वर बघते तोवर काट्याला वापरबंदीचं सील लागलं होतं.

सिस्टरला वाटलं हा उपचाराचाच काही भाग असावा. तसं नाही हे कळल्यावर तिने कोपऱ्यातला दुसरा काटा दाखवला. ही तिची चूक झाली. काटेकोरांनी त्याचीही पट्टी पाहिली आणि त्यालाही सील लावलं. मग हात झटकत ते म्हणाले की हे तुमच्याच भल्याचं आहे, आता इंजेक्शन द्या.

इंजेक्शनचं औषध दात्याच्या वजनावर ठरत होतं. वजनाचा आकडा विभागातल्या काट्यावरून, काट्याच्या क्रमांकासकट, संगणकात जायला हवा होता. तो गेल्याशिवाय औषधाच्या खिडकीतून औषध मिळत नव्हतं, आणि ती खिडकी एक वाजता बंद होत होती. काटेकोरांनी आपलं वजन अडुसष्ट दोनशे आहे, लिहून टाका, मी शपथेवर सांगतो, असं सुचवलं. सिस्टर शांतपणे म्हणाली, "दुकानदाराने शपथेवर सांगितलेलं वजन तुम्ही लिहून घेता का?" काटेकोर घेत नसत.

सील मी लावलं, मीच काढतो, म्हणून त्यांनी पक्कड उचलली आणि तशीच खाली ठेवली. तपासणी न करता सील तोडणं हा गुन्हा होता. कलम त्यांना तोंडपाठ होतं. त्यांनी हेडक्लार्कना फोन लावला. हेडक्लार्कनी शांतपणे ऐकून घेतलं आणि दोन शक्यता मांडल्या. साहेब रजेवर असतील, तर रजेवरच्या माणसाने लावलेलं सील हे सील नव्हेच, तो सरकारी साहित्याचा गैरवापर झाला. साहेब कामावर असतील, तर सील खरं, पण मग आजारपणाची रजा खोटी. दोन्हींत चौकशी होती. कुठली हवी ते साहेबांनी ठरवावं.

काटेकोरांच्या सेवापुस्तकात बावीस वर्षांत एकही वाईट शेरा नव्हता. इतरांना मुलं असतात, घरं असतात, ह्यांना सेवापुस्तक होतं. यावर काही तिसरा मार्ग निघतो का ते पाहू, दुपारपर्यंत वरिष्ठांना विचारू, असं ते बोलत असताना डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. त्यांना सगळं कळलं होतं. ते रागावले नाहीत, आणि त्यामुळेच काटेकोरांनी फोन कानापासून खाली घेतला.

"त्यांचं औषध आज सकाळी सात वाजता सुरू झालं," डॉक्टर म्हणाले. "आपल्याकडे पाच दिवस आहेत. त्यातला आजचा पहिला."

काटेकोरांनी घड्याळ पाहिलं. साडेअकरा वाजत आले होते. कुठे तरी ते सोनेरी चष्म्याचे गृहस्थ सुईला हात देऊन पडले होते, यांच्या शब्दावर विसंबून, आणि यांनी त्यांचा जीव बोटभर तारेने काट्याला बांधून ठेवला होता. काटेकोर खरोखर घाबरले. बढती हुकली तेव्हा, दुकानदारांनी मोर्चा आणला तेव्हाही ते असे घाबरले नव्हते. फोन अजून चालूच होता.

"माझी रजा आत्तापासून रद्द करा," ते म्हणाले. "मी कामावर आहे. सहाही दिवस बिनपगारी लावा. चौकशी लावा. आणि प्रमाणित वजनं घेऊन इकडे या, लगेच."

 तासाभराने हेडक्लार्क स्वतः आले. बरोबर ड्रायव्हर आणि वीस-वीस किलोची चार वजनं. लिफ्ट फक्त रुग्णांसाठी होती आणि वजनं रुग्ण नाहीत यावर पहारेकरी ठाम होता, म्हणून दोघांनी ती जिन्यावरून वर आणली. काटेकोर हात लावायला खाली निघाले तेव्हा सिस्टरने त्यांना दटावलं की दात्याने काही उचलायचं नाही. मोकळ्या हातांनी ते हेडक्लार्कच्या मागून चढत राहिले. तीस वर्षं कागदापेक्षा जड काही न उचललेले हेडक्लार्क प्रत्येक मजल्यावर थांबून त्यांच्याकडे नुसतं बघत.

तपासणी झाली. वीस किलोला काट्याने वीस दाखवले, चाळीसला चाळीस, ऐंशीला ऐंशी. काटा ग्रॅमभरही चुकत नव्हता. काटेकोरांनी पुन्हा पुन्हा वजनं चढवून पाहिली आणि शेवटी मुकाट्याने नवा शिक्का मारला. मग स्वतः उभे राहिले. एकाहत्तर किलो चारशे. पंधरा दिवसांची अंडी, बदाम, केळी, खजूर आणि दूध, सगळं त्या आकड्यात होतं. सिस्टरने आकडा काट्याच्या क्रमांकासकट नोंदवला.

हेडक्लार्कनी मात्र जाताना खिशातून एक कागद काढला. आमच्या काट्यांची मुदत संपत आली आहे, कृपया तपासणी करावी, असा याच रुग्णालयाचा पाच महिन्यांपूर्वीचा अर्ज होता. तो काटेकोरांच्याच टेबलावरच्या गठ्ठ्यात सापडला होता. कोपऱ्यात 'यथावकाश पाहू' असा शेरा आणि त्याखाली काटेकोरांची वळणदार सही होती. काटेकोरांनी बाही वर सारली. एक वाजायला सात मिनिटं असताना औषध आलं आणि सिस्टरने पहिलं इंजेक्शन टोचलं.

पुढचे दिवस अंग मोडून निघालं. मगज कामाला लागला की हाडं दुखतात असं डॉक्टरांनी बजावलं होतं, पण बसताना कंबर आणि उठताना पाठ इतकी बोलेल याची काटेकोरांना कल्पना नव्हती. त्यांना जिन्याचा कठडा धरून चढताना पाहून सासऱ्यांना प्रथमच जावयाविषयी आपुलकी वाटली. दोघं संध्याकाळी शेजारी शेजारी बसून कण्हत. विमावाले येऊन, मी सांगितलं नव्हतं का, असं म्हणून जात. चौकशीची नोटीस बुधवारी घरपोच आली. काटेकोरांनी ती वाचली, पोच दिली आणि शेक घ्यायला गेले.

शुक्रवारी त्यांना मशीनशेजारी आडवं केलं. दोन्ही हातांत सुया, हात हलवायचा नाही, असे पाच तास. पहिल्या दहा मिनिटांत नाक खाजायला लागलं. अज्ञात बड्या असामीसाठी प्राण पणाला लावलेला माणूस, असं स्वतःकडे पाहायची त्यांची तयारी होती, पण नाक खाजवता येत नसताना तसं पाहणं अवघड जातं. बायको शेजारी बसून अधूनमधून पदराने त्यांचं नाक पुसत होती. एका नळीतून रक्त जात होतं, दुसरीतून येत होतं, आणि वर टांगलेल्या पिशवीत गुलाबीसर, टोमॅटोच्या पातळ सारासारखं काही तरी थेंबथेंब साठत होतं. एवढ्यासाठी सगळं आहे, हे काटेकोरांना खरं वाटत नव्हतं.

पाचव्या तासाला प्रयोगशाळेतून पेशींची मोजदाद आली. डॉक्टर आणि सिस्टर मशीनच्या पलीकडे उभे राहून फळीवरच्या कागदावर हिशेब करू लागले. पेशी किती लागतात ते घेणाऱ्याच्या वजनावर ठरतं, हे त्यांच्या बोलण्यावरून कळत होतं. कागद काटेकोरांकडे वळलेला नव्हता, पण वजनाचा आकडा, मग तो उलटा असो की आडवा, त्यांच्या डोळ्यांतून सुटत नसे. घेणाऱ्याचं वजन, असा रकाना होता. पुढे चौदा किलो आठशे ग्रॅम असं लिहिलं होतं.

काटेकोरांनी तो आकडा पुन्हा वाचला. दशांश चिन्ह कुठे चुकलं आहे का ते पाहिलं. चुकलं नव्हतं. चौदा किलो आठशे म्हणजे काय असतं हे जगात त्यांच्याइतकं नेमकं कुणाला ठाऊक असणार. ते एका हाताने उचलून कडेवर घेता येतं. त्याला जबर औषधं सोमवारी सकाळी सात वाजता दिली होती. त्यांना एकदम रडू आलं आणि हात हलवता येत नसल्यामुळे ते लपवता आलं नाही. बायकोला वाटलं सुई दुखतेय. ती उठून काही विचारणार तोच डॉक्टर पुढे आले, खूश दिसत होते. हवं तेवढं मिळालं, म्हणाले, अगदी मोजून, आता मशीन बंद करू.

"बंद नका करू," काटेकोर म्हणाले.

"पुरेसं झालंय हो. मोजलंय आम्ही दोनदा."

"मोजलेलं असू द्या. वर थोडं घाला."

सिस्टरने डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी काटेकोरांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग हातातला कागद पाहिला आणि तो हळूच उलटा करून ठेवला. जास्तीचं गोठवून ठेवता येतं, पुढे लागलं तर उपयोगी पडतं, असं ते सिस्टरला म्हणाले. मशीन आणखी वीस मिनिटं चालू राहिलं.